सोनमर्ग ते नारानाग: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात काश्मीरमधल्या ‘ग्रेट लेक्स’ ट्रेकची माहिती दिल्यापासून नाशिक, दिंडोरी, सिन्नरकडून बरीच पत्रं आली. तो अंक हाताशी नसेल तर वाट थोडक्यात अशी: सोनमर्गहून निघायचं, निचनई, विशनसर, गडसर, सतसर, गंगाबल असे मुक्काम करत नारानागला उतरायचं. अंतर सुमारे ७० ते ७५ किलोमीटर. वाटेत निचनई, गडसर आणि झज अशा तीन खिंडी लागतात. तिन्ही चार हजार मीटरच्या आसपास, त्यात गडसर सगळ्यांत उंच, साधारण ४,२०० मीटर. बहुतेक पत्रांत तेच तेच प्रश्न होते, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा ग्रुप महिन्यातून एकदा कळसूबाई करतो. बारीतून दोन-सव्वादोन तासांत माथा गाठतो. मुंबईहून विमानाने श्रीनगर, त्याच दिवशी सोनमर्ग आणि दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात असं ठरलं आहे. काही जण म्हणतात सोनमर्गला एक दिवस जादा ठेवा. रजा मोजकी आहे. खरंच गरज आहे का? (इंदिरानगर)

आहे. आणि तुमचा ग्रुप तगडा आहे म्हणून तर जास्तच आहे.

कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीत कितीही चढलात तरी त्या हवेशी तुमच्या शरीराची गाठच पडलेली नसते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. शरीर त्याला सरावतं, पण त्याला रात्री लागतात. मांड्यांची ताकद आणि दमसास यांनी त्या रात्री कमी होत नाहीत. उलट तगडी माणसं झपाझप चढतात, डोकं दुखायला लागलं तरी सांगत नाहीत, आणि ग्रुपमध्ये पहिली तीच आडवी होतात.

आता तुमच्या बेताचा हिशेब बघा. नाशिक सुमारे ६०० मीटर, श्रीनगर १,५८५, सोनमर्ग २,७०० ते २,८००, निचनईचा तळ ३,५०० च्या आसपास, विशनसर ३,६५० च्या पुढे. डोंगरातल्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम सांगतो की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. सोनमर्ग ते निचनई ही उडीच सात-आठशे मीटरची आहे. तळांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे ती टाळता येत नाही. हातात एवढंच राहतं की उडी मारण्यापूर्वी सोनमर्गला दोन रात्री काढायच्या. मधल्या दिवशी खोलीत लोळू नका. थाजीवास हिमनदीच्या बाजूला तीन-चार तास सावकाश चढून या आणि झोपायला खाली परत या.

दुसरा जादा दिवस विशनसरला हवा. त्या दिवशी जवळच्या किशनसर तलावापर्यंत जाऊन यायचं. चांगले आयोजक हा दिवस धरतात. तो काढून टाकून ‘सहा दिवसांत ट्रेक’ असं कोणी विकत असेल तर पैसे भरू नका.

एक गोष्ट मात्र नकाशावर बोट ठेवूनच समजून घ्यावी लागते. उंचीचा त्रास वाढला तर एकच खात्रीचा उपाय असतो: खाली उतरणं. निचनईच्या तळावरून सोनमर्गला सरळ उतरता येतं. पण निचनई खिंड ओलांडून विशनसरला गेलात की परत उतरण्यासाठी आधी तीच खिंड पुन्हा चढावी लागते, म्हणजे आजारी माणसाला आणखी चारशे मीटर वर न्यावं लागतं. म्हणून खरा निर्णय निचनईच्या संध्याकाळी घ्यायचा असतो. त्या संध्याकाळी प्रत्येकाला समोर बसवून विचारा: डोकं दुखतंय का? जोडीला मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना जाणं, न पेलणारा थकवा यांपैकी काही आहे का? डोकेदुखीसोबत यातलं एक जरी असलं तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी खिंड चढणार नाही. तिथेच थांबेल, बरं वाटलं तर पुढे, नाहीतर खाली. मग जमिनीवर दोरी टाकून तिच्यावरून टाचेला पंजा लावत दहा-बारा पावलं चालायला लावा. दारू प्यायल्यासारखा तोल जात असेल तर सकाळची वाट बघू नका, मेंदूला सूज येत असल्याचं ते लक्षण आहे. बसल्या जागी धाप लागणं, खोकला न थांबणं, ओठ निळसर होणं ही फुप्फुसात पाणी होत असल्याची लक्षणं. दोन्हींत रात्र असली तरी सोबत माणूस देऊन खाली न्यायचं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नका. त्या उंचीवर ८५ ते ९० आकडा धडधाकट माणसालाही दिसतो, आणि बोटं गार असली की यंत्र काहीही दाखवतं. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करणं हा नेहमीचा घोळ आहे.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी की नाही? कोणी म्हणतं लक्षणं झाकली जातात. (कॉलेज रोड)

झाकली जात नाहीत. या गोळीमुळे मूत्रपिंडं रक्तातला बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. शरीर दोन-तीन दिवसांत जे करणार असतं तेच थोडं लवकर होतं. लक्षणं झाकणारं औषध वेगळं, डेक्सामेथासोन. ते आणीबाणीत, माणसाला खाली नेताना वापरायचं असतं, चढताना नाही.

प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे मिळणारी गोळी बहुधा २५० ची असते, ती अर्धी करावी लागते. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर हे आवर्जून सांगा. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येणं आणि लघवीला वारंवार लागणं हे अपेक्षितच आहे, घाबरू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र बंद करून डॉक्टरांना दाखवा. सोनमर्गच्या जादा रात्रीच्या बदल्यात ही गोळी चालेल का, असं तीन पत्रांत विचारलं आहे. नाही चालणार.

माझी द्राक्षबाग आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर यांपैकी केव्हा जावं? आपल्याकडचा पावसाळा तिकडेही असतो का? (दिंडोरी)

पीरपंजाळची रांग मोसमी पाऊस बराचसा अडवते, त्यामुळे हिमाचल-उत्तराखंडमध्ये ट्रेक बंद असतात तेव्हा इथे चालता येतं. पाऊस अजिबात नसतो असं नव्हे. दुपारनंतर ढग भरून येणं, तासभर सर, कधी गारा आणि विजा हे चालतंच. म्हणून खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडायची आणि त्यासाठी सकाळी सहा-साडेसहाला तळ सोडायचा.

जुलैच्या सुरुवातीला खिंडींखाली आणि ओढ्यांवर बर्फ असतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून घट्ट दिसतो, पण खालून पाण्याने पोखरलेला असतो. वाटाड्याने काठीने ठोकून बघितल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही. फुलं बघायची तर जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य. सप्टेंबरात आकाश स्वच्छ, पण गवत पिवळं पडतं, रात्री पाणी गोठतं आणि सतसरची काही तळी आटलेली असतात.

तुमची गोडी छाटणी सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात येत असेल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा सोयीचा. फक्त जम्मू-श्रीनगर रस्ता पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो, म्हणून येता-जाता एकेक दिवस हाताशी ठेवा. परतीचं तिकीट ट्रेक संपतो त्याच रात्रीचं काढू नका.

ओढ्यांचंही सांगून ठेवतो. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारी चढतं, सकाळी कमी असतं. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. अनवाणी उतरू नका. मागे पट्टा असलेले सँडल घाला, तोंड प्रवाहाकडे करून काठी टेकत तिरकं चाला.

सह्याद्रीत वापरतो तेच बूट आणि कपडे चालतील का? (पंचवटी)

बूट चालतीलही, पण आधी ते तपासा. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेने आतून कुजतो. दिसायला नवाकोरा असतो, पण तिसऱ्या दिवशी पोळीचा पापुद्रा सुटावा तसा निघतो. अंगठ्याने तळ जोरात दाबा आणि बूट मधोमध वाकवून बघा. भेगा पडल्या किंवा भुसा निघाला तर टाकून द्या. नवीन घेणार असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोज्यांवर घालून घ्या. उतारावर उभं राहिल्यासारखं पुढे झुकल्यावर अंगठा टोकाला टेकता कामा नये. आणि ते निदान दीड महिना वापरून मऊ करा.

कपड्यांत मात्र सवय बदलावी लागेल. पावसाळ्यात रामशेजवर सुती टी-शर्ट भिजला तर वाऱ्याने तासाभरात बरं वाटतं. निचनई खिंडीत तोच टी-शर्ट अंगातली ऊब शोषून घेतो आणि वाळत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर, वर फ्लीस, तळावर बसताना पिसांचं किंवा सिंथेटिक भरावाचं जाकीट, आणि सगळ्यांवर पावसाचं जाकीट-पँट. पोंचो स्वस्त पडतो, पण खिंडीतल्या वाऱ्यात तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

चालण्याचे दोन जोड पुरेत. तिसरा जोड फक्त झोपण्यासाठी, मोज्यांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही. ओले मोजे पोटाशी धरून झोपलात तर सकाळपर्यंत बरेच वाळतात. गॉगल विसरू नका. वर जाल तसं अतिनील ऊन दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतं, बर्फावरून ते उलटं फेकलं जातं आणि डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.

ट्रेक श्रावणात येतोय. माझे श्रावणी सोमवार असतात, निर्जळी नाही, पण एकवेळ जेवण. जमेल का? (जुने नाशिक)

एकवेळचं जेवण त्या दिवशी जमणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. उपासाचे पदार्थ दिवसभर थोडे थोडे खात राहिलात तर मात्र सोमवार नीट पार पडेल. उंचीवर भूक आपोआप मरते आणि शरीर मात्र नेहमीपेक्षा जास्त खर्च करत असतं. पोट रिकामं असलं की डोकेदुखी आणि मळमळ उपासाने आहे की उंचीने, हे ना तुम्हाला कळत ना वाटाड्याला. घोटाळा तिथे होतो.

साबुदाणा भिजवणं तळावर अवघड. त्यापेक्षा घरून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, बेदाणे न्या. बेदाण्याला तर आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. स्वयंपाक्याला आदल्या रात्री उकडलेले बटाटे आणि दूध सांगून ठेवा. दर तासाला मूठभर खायचं. इतरांनीही हेच करावं. डबा उघडून पोटभर जेवण्याची जागा म्हणजे तळ, वाटेवर खिशात चिवडा, गूळ-शेंगदाणे.

जाता जाता: चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. स्वतःचं स्वयंपाकाचं सामान नेणाऱ्यांनी छोटा कुकर घ्यावाच. पिण्याचं पाणी तिथे खळखळून तीन मिनिटं उकळा. तलावाचं पाणी आरशासारखं दिसलं तरी वरच्या कुरणांत बकरवालांची (तिथल्या भटक्या मेंढपाळांची) मेंढरं चरत असतात. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर गार पाण्यात ती सावकाश काम करते, पाकिटावरच्या वेळेच्या दुप्पट थांबा.

वय ५२, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांनी आटोक्यात. जाऊ शकतो का? (सिडको)

आटोक्यात असेल तर केवळ वयामुळे किंवा या दोन आजारांमुळे कोणी बाद होत नाही. पण निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यांना ‘काश्मीरला जातोय’ असं मोघम सांगू नका. ४,२०० मीटर, रोज सहा ते आठ तास चालणं, जवळचा दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, असं सांगा. ट्रेडमिलवरची तपासणी करून घ्या. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर तिच्या जोडीला डायमॉक्स घ्यायची का, हे विचारा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर डॉक्टरांकडे त्याचाही विषय मुद्दाम काढा. कमी खाणं, पाणी कमी पडणं आणि कष्ट एकत्र आले की या गोळ्यांवर रक्तात कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारी द्रव्यं) वाढण्याचा धोका असतो.

ग्लुकोमीटर आणि पट्ट्या थंडीत दगा देतात. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, दिवसा आतल्या खिशात ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर तेही तसंच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. साखर उतरल्याची लक्षणं आणि उंचीची लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून गरगरलं की आधी साखर मोजायची. औषधांचे दोन संच करा, एक तुमच्याकडे, एक सोबत्याच्या सॅकमध्ये. सामान वाहणारं खेचर मागे राहिलं तर औषध संध्याकाळपर्यंत मिळत नाही.

पाळी ट्रेकच्या मधल्या दिवसांत येणार आहे. गोळ्या घेऊन पुढे ढकलावी का? (गंगापूर रोड)

ढकलायलाच हवी असं नाही. पाळीत उंचीचा त्रास वाढतो म्हणून जाऊ नका, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. हार्मोनच्या काही गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्यता किंचित वाढते, त्यात लांबचा प्रवास आणि पाणी कमी पिणं. घ्यायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी हे बोलून घ्या. तारीख गृहीत धरू नका, प्रवासाने आणि दगदगीने ती मागेपुढे होते. त्यामुळे पाळी अपेक्षित नसली तरी सामान न्याच.

कप वापरायचा असेल तर निदान दोन-तीन पाळ्या आधी घरी सवय करा. धुण्यासाठी उकळून कोमट केलेलं पाणी वापरा, ओढ्याचं नको. पॅड वापरत असाल तर पुरायचं नाही, जनावरं उकरून काढतात. जाळायचंही नाही, नीट जळत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, झिपच्या दोन पिशव्यांत, आत चमचाभर खायचा सोडा टाकून खाली आणायचं. तळावरच्या शौचाच्या खड्ड्याच्या तंबूत टाकू नका. शौचाला पाण्यापासून साठ मीटर लांब जाणं आणि वीतभर खोल खड्डा हा नियम मात्र बाकी सगळ्यांनीच पाळायचा आहे.

चढ जमतो, उतरताना गुडघे बोलतात. नारानागचा उतार कसा आहे? (सातपूर)

लांब आहे. गंगाबलच्या साडेतीन हजार मीटरवरून नारानागच्या सुमारे २,२०० वर एका दिवसात यायचं. त्रुणखोलपर्यंत कुरण, मग देवदारांतून उभा, मुळांचा आणि मुरमाड उतार. सगळ्यांत जास्त गुडघे आणि काळी पडलेली नखं याच दिवशी.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि नुसत्या चढण्याने तो तसा तयार होत नाही. घरातल्या वीस सेंटिमीटरच्या पायरीवर उभं राहून दुसरा पाय तीन सेकंद मोजत खाली टेकवायचा, परत वर. प्रत्येक पायाला बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, निदान आठ आठवडे. शनिवार-रविवार त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आठ किलोची सॅक घेऊन. वजन पाण्याच्या बाटल्यांचं करा, आणि गुडघे कुरकुरत असतील तर माथ्यावर पाणी ओतून हलके उतरा. शेवटच्या महिन्यात दोन दिवस लागोपाठ चाला, कारण खरी कसोटी थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघण्यात आहे. हरिहरच्या पायऱ्या सरावाला नकोत. तिथे गर्दीत आणि ओल्या कातळावर घसरण्याचाच धोका जास्त.

नखं आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी कापा. उतार सुरू होण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत फास घालून आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठ्या पाच-दहा सेंटिमीटर लांब करा.

फोन, कागदपत्रं, चार्जिंगचं काय? (मनमाड)

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं, पण सोनमर्ग सोडलं की नारानागच्या आसपासपर्यंत रेंज धरू नका. घरच्यांना तसं सांगून निघा. आधारकार्ड मूळचं न्या, शिवाय दोन झेरॉक्स. विशनसर, गडसर, सतसरला लष्कराच्या चौक्यांवर तपासणी होते. सीमाभाग जवळ असल्याने परवानगी केव्हाही थांबू शकते, म्हणून पूर्ण पैसे भरण्यापूर्वी यंदा मार्ग खुला आहे का, आणि बंद झाला तर परतावा किती, हे आयोजकाकडून लेखी घ्या. २०,००० एमएएचची पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात चालत नाही. काठ्या उलट सामानात टाकायच्या. स्टोव्हची गॅसची डबी विमानात कुठेच चालत नाही, ती श्रीनगरला घ्या. रेल्वेने जाणार असाल तर झेलम एक्सप्रेस तुमच्या मनमाडलाच थांबते. नाशिककरांनी ती नाशिकरोडला शोधू नये.